गोल्फ, पोलो आणि ३९९ दिवसांची सरहद्द

आमचा मॅनेजर दोन वर्षं टेक्ससमध्ये ऑनसाईट काढून परत आलाय. येताना गोल्फच्या काठ्यांची एक भलीमोठी बॅग आणि सहली कशा कराव्यात याबद्दलची ठाम मतं घेऊन आलाय. एल पासोला म्हणे सकाळी गोल्फ खेळायचं आणि दुपारी डोंगरावरून पलीकडचं मेक्सिको बघायचं. तेव्हा टीमची पुढची सहलही तशीच हवी: गोल्फ, साईटसीइंग आणि इंटरनॅशनल बॉर्डर, सगळं एका विकांतात, पुण्याहून निघून. कुणी वाघा म्हणालं, कुणी कच्छ. मी म्हणालो, सोलापूर रोड धरा, पाच-सहा तासांत बॉर्डर येते.

मीटिंगमध्ये सगळे हसले. मी लातूरचा, इंजिनिअरिंग नांदेडला केलेलं. आमच्याकडे गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनेल बदलताना मध्येच लागणारा खेळ, हे मान्य. पण बॉर्डरच्या बाबतीत मी गंभीर होतो. लातूरला कुठली आली इंटरनॅशनल बॉर्डर, असा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत तिघांनी वेगवेगळा विचारला, म्हणून हा लेख. या विकांताला दुसरं काही काम नव्हतंच.

तर मंडळी, गोष्ट अशी. १५ ऑगस्ट १९४७ ला पुणं, सोलापूर, बार्शी, यवतमाळ स्वतंत्र भारतात आले. लातूर, नांदेड, उमरगा, उदगीर आले नाहीत. ते हैदराबाद संस्थानात होते आणि निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात यायचंही नाही आणि पाकिस्तानातही जायचं नाही असं ठरवलं होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे असंच चाललं. मी मोजले, ३९९ दिवस होतात. (१९४८ लीप वर्ष होतं. विसरलात तर ३९८ येतील.) संस्थान काही लहानसहान नव्हतं. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांच्या वर, लोकसंख्या दीड कोटीच्या पुढे. स्वतःचं सैन्य, स्वतःची रेल्वे, स्वतःचं पोस्टाचं तिकीट, स्वतःचं चलन. मराठी मुलखातले पाच जिल्हे त्यात होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. उदगीर आणि निलंगा तर बीदर जिल्ह्यात होते. आज औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालंय, त्यामुळे जुना नकाशा वाचताना दोन टॅब उघडे ठेवावे लागतात. असो.

सरहद्द काही १९४७ ला आकाशातून पडली नाही. ती दीड-दोनशे वर्षं इकडेतिकडे सरकत होती. १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं तेव्हा सरकली, १७९५ ला खर्ड्याच्या लढाईनंतर सरकली. १८५३ साली इंग्रजांनी नळदुर्ग आणि भोवतालचा मुलूख कर्जापोटी आपल्याकडे घेतला आणि तिथे कारभारी म्हणून मेडोज टेलर हा लेखक-अधिकारी बसवला. १८६० साली तोच मुलूख परत निजामाकडे गेला. ही सरहद्द म्हणजे एक सरळ रेघही नव्हती. बार्शी तालुका इंग्रजांचा, पण जवळजवळ सगळ्या बाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेला. जामखेडची गावं तर निजामाच्या मुलखात बेटांसारखी विखुरलेली. इकडच्या लोकांनी या पलीकडच्या मुलखाला नाव ठेवलं होतं मोगलाई. आमच्या लातूरकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. 'आम्ही मोगलाईतले' असं ती म्हणतात, आणि त्या स्वरात तक्रार किती आणि अभिमान किती हे मला आजवर नीट कळलेलं नाही.

ही रेघ रोजच्या जगण्यात कुठे दिसायची? एक, नाक्यावर. संस्थानात शिरणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर जकात असायची, त्या खात्याला करोडगिरी म्हणत. दोन, खिशात. निजामाचा रुपया तो हाली सिक्का, इंग्रजी रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. माझ्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, हा हिशेब अजून तोंडपाठ आहे. ती शाळेत फार गेली नाही, पण सात-सहाचं गणित तिला बाजाराने शिकवलं.

आणि तीन, रेल्वेत. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बार्शी लाईट रेल्वे हा माझा जिव्हाळ्याचा विषय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरला वेड होतं की कमी खर्चाची, अरुंद रुळांची रेल्वेसुद्धा भरपूर माल ओढू शकते. त्याची युक्ती आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच पटावी अशी: इंजिन असो की डबा, प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, सगळंच स्वस्त पडतं. अडीच फुटी गेजची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत आली. म्हणजे एका खासगी इंग्रजी कंपनीची गाडी इंग्रजी मुलखातून निघून मोगलाईत शिरायची. त्या रुळांनी लातूरची बाजारपेठ मोठी केली. शहराच्या मधोमध जी गंज गोलाई आहे, गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, ती १९१७ सालची. आमच्या टीममधल्या एकाने तिचा उपग्रहावरून घेतलेला फोटो बघून 'हा तर लोड बॅलन्सर' म्हटलं होतं. तुलना वाईट नाही.

पुढे ही लाईन मिरजेपर्यंत गेली. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाले 'ऐतिहासिक' म्हणत होते ते वेगळ्या अर्थाने. रस्ता मात्र खरोखरच ऐतिहासिक होता. १९४८ साली याच रस्त्याने लातूरची माणसं उलट दिशेला, बार्शीकडे निघाली होती.

आता 'इंटरनॅशनल' या शब्दाकडे येतो, कारण आमच्या मॅनेजरचा मुख्य आक्षेप तोच. भारताने हैदराबादला स्वतंत्र देश कधीच मानलं नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला एक वर्षासाठी 'जैसे थे' करार झाला. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला जाऊन बसले. पण करारानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने हुकूम काढला की भारताचं चलन संस्थानात कायदेशीर चलन नाही. पाकिस्तानला वीस कोटींचे रोखे कर्जाऊ दिले. भारतानेही नाकेबंदी केली, पेट्रोल आणि औषधंसुद्धा आत जाईनाशी झाली. मग सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून शस्त्रं भरलेली विमानं उडवून बीदर आणि वरंगळला उतरवू लागला. लातूरहून बीदर किती दूर? सकाळी निघालात तर जेवायला तिथे. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार केली आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली. जिच्यावर पॅरिसमध्ये चर्चा होते, जिच्या दोन बाजूंना दोन चलनं आहेत आणि जिच्यावरून शस्त्रांची चोरटी विमानं उडतात, त्या रेघेला नुसती जिल्ह्याची हद्द म्हणणं मला जड जातं. कायद्याचे जाणकार काहीही म्हणोत.

रेघेच्या आतली परिस्थिती त्या वर्षभरात बिघडतच गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने ऑगस्ट १९४७ मध्ये सत्याग्रह सुरू केला. स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर, एक शाळामास्तर. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. समोर रझाकार. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा आमच्या लातूरचा वकील. लातूरने देशाला काय काय दिलं याच्या याद्या निघतात तेव्हा हे नाव त्यात नसतं, साहजिक आहे. रझाकारांनी खेड्यापाड्यांत लुटालूट, जाळपोळ, खून केले आणि निजामाच्या पोलिसांनी ते बघितले, कधी कधी मदतही केली. लोक सरहद्दीकडे पळू लागले. सरहद्दीच्या भारताकडच्या बाजूला कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. नांदेडकडच्या लोकांचा मोठा कॅम्प पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडला होता. तिथून येऊन कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली आणि पैसा लढ्यासाठी नेला. तारीख बघा. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

आजी तेव्हा आठ वर्षांची होती. तिचं माहेर औसा तालुक्यात. दोन रात्री बैलगाडीने प्रवास करून ते बार्शीला गेले. दिवसा कुठल्यातरी मळ्यात लपायचं, अंधार पडला की निघायचं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून कडब्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. बार्शीत पोचल्यावर तिच्या वडिलांनी दुकानात गुळासाठी पैसे पुढे केले आणि दुकानदाराने ते परत केले, हा सिक्का इथे चालत नाही म्हणून. देश बदलला हे आजीला असं कळलं. ही गोष्ट ती दरवर्षी १७ सप्टेंबरला सांगते. शाळेत झेंडावंदन करून आलो की घरी आजी, बार्शी आणि गूळ. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणजे माझ्यासाठी हेच.

आता पोलोकडे वळू. सैन्य पाठवायचा बेत दक्षिण विभागाचे प्रमुख जनरल गॉडर्ड यांनी आधीच आखून ठेवला होता. मोहिमेला नाव पडलं ऑपरेशन पोलो. हैदराबादेत तेव्हा जगात सर्वांत जास्त, सतरा पोलोची मैदानं होती म्हणून हे नाव, असं सांगतात. आमच्या मॅनेजरला हा भाग फार आवडला. गोल्फ नाही तर नाही, निदान काठीने चेंडू मारायचा खेळ तरी निघाला.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरींचं सैन्य सोलापूरहून निघालं. आज आपण ज्याला एनएच ६५ म्हणतो तोच रस्ता. पहिला अडथळा नळदुर्ग. तिथे बोरी नदीवर पूल आहे, तो उडवला गेला असता तर रणगाडे नदीपाशीच खोळंबले असते. सैन्याने तो अचानक धडक मारून धड ताब्यात घेतला. मग शीख पलटणीने नळदुर्गातल्या फौजेला हटवलं. सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटला, दुपारी सव्वातीनला उमरग्याला. दुसरी एक तुकडी तुळजापूरला गेली, तिथे दोनेक तास लढाई झाली. चार दिवसांत जहीराबाद ओलांडून सैन्य हैदराबादच्या जवळ पोचलं, बीदर पडलं, आणि १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती अल इद्रूस चौधरींना शरण आले. २२ तारखेला निजामाने सुरक्षा परिषदेतली तक्रार मागे घेतली. या सगळ्याला सरकारी कागदात 'पोलीस कारवाई' म्हणतात, आमच्याकडे 'पुलिस ॲक्शन'. रणगाडे असलेले पोलीस मी तरी दुसरे ऐकले नाहीत.

शाळेत गोष्ट इथे संपायची. झेंडा, जिलबी, सुट्टी.

पण सरहद्द दोन्ही बाजूंनी ओलांडली गेली आणि सप्टेंबरनंतर पळणारी माणसं दुसरी होती. पंडित नेहरूंनी त्याच वर्षाच्या शेवटी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीसाठी पाठवलं. त्यांचा अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. लोकांना तो उघडपणे वाचायला मिळाला २०१३ साली. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर सबंध संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज आहे. बहुतेक सगळी मुसलमान. आकड्यांवर वाद आहेत आणि राहतील. पण सर्वांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांची नावं अहवालात आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूरवर तर वेगळा मजकूर आहे. तिथे वीसहून जास्त दिवस कत्तल चालली, दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते त्यातले जेमतेम तीन हजार गावात सापडले, हजाराहून जास्त मारले गेले आणि बाकीचे जीव घेऊन पळाले, असं त्यात म्हटलंय. कच्छी व्यापाऱ्यांची भरलेली पेठ होती ती. आणि त्याच अहवालात हेही आहे की कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते पुण्यात, रात्री, लॅपटॉपवर. गंज गोलाईत मी हजारदा गेलोय. वह्या तिथूनच घ्यायचो. बारा वर्षं लातूरच्या शाळेत होतो आणि दरवर्षी सतरा सप्टेंबरला भाषणं ऐकली. रझाकारांनी काय केलं ते खरं आहे, आजीच्या घुंगरमाळा खऱ्या आहेत, त्यातलं एक अक्षर मला कमी करायचं नाही. पण 'त्यांनी सुरुवात केली' हे वाक्य औशातल्या एखाद्या विणकराला किंवा पिंजाऱ्याला कसं लागू होतं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

गेल्या दिवाळीत आजीला विचारलं, बार्शीहून परत आल्यावर काय दिसलं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, घरासमोर पिंजाऱ्याचं घर होतं, त्याला कुलूप नव्हतं. दार उघडं, कापूस सगळ्या अंगणात उडालेला, माणसं नाहीत. तिच्या धाकट्या भावाच्या बाळंतपणातली गादी त्या पिंजाऱ्यानेच भरून दिली होती. ते कुठे गेले? 'आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलं पण नाही.' एवढं बोलून तिने फराळाचं ताट पुढे सरकवलं.

ही रेघ कागदोपत्री १९४८ ला मिटली, १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा संस्थानाचेही तीन तुकडे झाले, आणि तरी ती अधूनमधून वर येते. २ सप्टेंबर २०२५ ला मराठा आरक्षणासाठी महाराष्ट्र सरकारने जो निर्णय काढला तो 'हैदराबाद गॅझेट'च्या नावाने. निजामाच्या काळातली उर्दू कागदपत्रं वाचता येणाऱ्या माणसांचा शोध मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये घेतला गेला. उर्दू शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांना अचानक भाव आला.

बरं, सहलीचं काय ठरलं? मॅनेजरने हा सगळा इतिहास ऐकून घेतला आणि विचारलं, 'ठीक आहे, पण गोल्फ कुठे?' तर गोल्फ शेवटी आहे. चौधरींचाच रस्ता धरायचा. शनिवारी पहाटे पुण्याहून निघून सोलापूर, मग नळदुर्ग. किल्ला बघायला तीन तास तरी हवेत. बोरी नदी अडवून बांधलेला आदिलशाही बंधारा आणि त्याच्या पोटात पाणी महाल आहे. धरण भरलं की त्याच्या अंगावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि आत बसलेल्याच्या अंगावर थेंबही येत नाही. इंजिनिअर मंडळींनी तरी हा प्रकार चुकवू नये. तिथून उमरग्याला चहा, आणि हायवे सोडून रात्री मुक्कामाला लातूर. आईने जेवणाची जबाबदारी घेतली आहे. संध्याकाळी गंज गोलाईत एक चक्कर मारायची, आणि अहवालात जे वाचलं ते तिथेच उभं राहून सांगायचं, असं मी ठरवलंय. सहलीत असलं काही कशाला, असं एकजण म्हणाला. त्याला म्हटलं, तू गाडीत थांब.

रविवारी उदगीरचा किल्ला, बीदर, आणि दुपारपर्यंत हैदराबाद. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात, जुन्या तटबंदीच्या आत, गोल्फचं मैदान आहे. तिथेच ते प्रचंड गोरखचिंचेचं झाड आहे, ज्याच्या ढोलीत माणसं उभी राहू शकतात. किल्ल्यात गोल्फ असावं की नसावं यावर माझं मत आहे, पण ते सहलीनंतर.

नांदेडकडची सरहद्द बघायला मात्र वेगळा विकांत लागेल. हुजूर साहिबला दर्शन, मग हदगाववरून उमरखेडचा रस्ता किंवा किनवटच्या वाटेने सहस्रकुंड. तिथे पैनगंगा काळ्या कातळावरून खाली उडी घेते. या काठाला नांदेड जिल्हा, त्या काठाला यवतमाळ. १९४८ साली हा काठ निजामाचा होता आणि तो भारताचा. बघायला जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, पाणी तेव्हाच असतं. उन्हाळ्यात धार अगदी बारीक होते. धबधबा म्हणावा असं काही उरत नाही, पण नदी दगडांवर पाय ठेवत ओलांडता येते.